अनोळखी स्वरलिपीतले गीत हौशी समूहगान पथकाकडून कसे बसवून घ्यावे

सांगली, मिरज किंवा साताऱ्यातल्या हौशी समूहगान पथकात कोण कोण असते हे बहुतेकांना ठाऊक आहे. बँकेतून निवृत्त झालेले एक-दोन काका, महिला मंडळाच्या भजनात तयार झालेल्या काकू, शाळेतल्या दोन-तीन शिक्षिका, एखादा कॉलेजचा मुलगा, आणि पेटीवर बसणारे गृहस्थ, ज्यांच्यावाचून काहीच सुरू होत नाही. गांधर्व महाविद्यालयाची प्रारंभिक किंवा प्रवेशिका परीक्षा दिलेले एखाददुसरे सोडले, तर लिहिलेले स्वर वाचून गाण्याची सवय यांच्यापैकी कुणाला नसते. मात्र एकदा नीट ऐकलेली चाल त्यांच्या कानातून सहसा सुटत नाही. अशा पथकासाठी निवडलेल्या गीताचा कागद कधी भातखंडे पद्धतीत येतो, कधी जुन्या पुस्तकातून पलुसकर पद्धतीत येतो, आणि दोन-तीन आवाजांत रचलेले गीत असेल तर पाच रेघांच्या पाश्चात्त्य लिपीत येतो. असे पथक पहिल्यांदाच हाती घेणाऱ्या मार्गदर्शकासाठी हा लेख आहे. पुढच्या सगळ्या सूचनांमागे एकच धोरण आहे: लिपी वाचण्याचे कष्ट मार्गदर्शकाने घरी घ्यावेत, आणि कागदावरची खूण पथकाला तेव्हाच दाखवावी जेव्हा तिचा आवाज त्यांच्या गळ्यात आधीच बसलेला असेल.

पहिली पायरी: कागद कोणत्या लिपीतला आहे हे ठरवणे

हे काम वाटते तितके सोपे नाही, कारण आपल्याकडच्या दोन्ही पद्धती देवनागरी अक्षरांतच आहेत आणि वरवर पाहता सारख्या दिसतात. विष्णु नारायण भातखंडे यांच्या पद्धतीत कोमल स्वराच्या खाली आडवी रेघ असते, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ असते, मंद्र म्हणजे खालच्या सप्तकातील स्वराच्या खाली टिंब आणि तार म्हणजे वरच्या सप्तकातील स्वराच्या वर टिंब असते. समेला (तालाच्या पहिल्या मात्रेला) गुणिलेची खूण, खालीला (टाळी न देता हात उघडण्याच्या मात्रेला) शून्य आणि बाकीच्या टाळ्यांना आकडे दिलेले असतात, आणि एका मात्रेत जितके स्वर बसवायचे तितक्यांच्या खाली एक कमान काढलेली असते. आज बहुतेक क्लासांमधून शिकवली जाते ती हीच पद्धत असल्याने पथकातल्या परीक्षा दिलेल्या मंडळींच्या डोळ्यांना हिचीच सवय असते.

विष्णु दिगंबर पलुसकर यांचा जन्म १८७२ साली कुरुंदवाडला झाला, त्यांचे संगीताचे शिक्षण मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे झाले आणि १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केले. त्यांच्या पद्धतीची पुस्तके आपल्या भागात घरोघरच्या जुन्या कपाटांतून आणि वाचनालयांतून अजून निघतात, ही आनंदाची गोष्ट असली तरी नवख्या मार्गदर्शकासाठी त्यात एक खड्डा आहे. चिन्हे तीच आहेत आणि अर्थ भलतेच आहेत. पलुसकर पद्धतीत स्वरावर टिंब असेल तर तो मंद्र सप्तकातला असतो आणि स्वरावर उभी रेघ असेल तर तो तार सप्तकातला असतो. कोमल स्वराला पाय मोडल्याची खूण असते, आणि स्वराखालची आडवी रेघ ही कोमलाची नसून एक मात्रा दाखवणारी असते. गुणिलेची खूण म्हणजे चार मात्रा आणि शून्य म्हणजे अर्धी मात्रा. सम १ या आकड्याने आणि खाली अधिकच्या चिन्हाने दाखवतात. त्यामुळे भातखंडे पद्धतीत तयार झालेल्या माणसाने पलुसकर पद्धतीचा कागद समोर घेतला, तर साध्या शुद्ध स्वरांच्या गीतातला एक-एक मात्रेचा प्रत्येक स्वर त्याला कोमल दिसतो आणि खालचा पंचम वरचा वाटतो. "सर, हे टिंब वर आहे म्हणजे वरचा प घ्यायचा ना?" हा प्रश्न पहिल्याच तालमीत कुणीतरी विचारणारच, त्याचे उत्तर घरून ठरवून न्यावे. सर्वांत सोपी तपासणी अशी, की एका ओळीतल्या बहुतेक सगळ्या स्वरांखाली काही ना काही खूण असेल तर तो कागद बहुधा पलुसकर पद्धतीचा असतो, कारण कालमान दाखवणारी चिन्हे तिथे स्वरांच्या खालीच लिहिलेली असतात.

पाच रेघांची लिपी ओळखण्यात अर्थातच घोटाळा होत नाही. तिथली अडचण तिच्यातला सा शोधण्याची.

दुसरी पायरी: सा आणि पट्टी

पाश्चात्त्य लिपीत स्वराची जागा ठरलेली असते, सा मात्र कुठेही लिहिलेला नसतो. ओळीच्या सुरुवातीला शार्प (स्वर अर्ध्या स्वराने चढवणाऱ्या) किंवा फ्लॅटच्या (उतरवणाऱ्या) ज्या खुणा असतात त्यांवरून तो काढता येतो, आणि त्यासाठी तीन नियम पुरतात. शार्पच्या खुणा असतील तर उजवीकडची शेवटची खूण ही नी समजावी; तिच्या लगतचा वरचा स्वर हा सा. म्हणजे दोन शार्प असतील तर शेवटचा शार्प पेटीवरच्या पांढरी एकच्या (पाश्चात्त्य C च्या) रेघेवर किंवा घरात असतो, त्या खुणेने तिथे काळी एक वाजते, आणि सा पांढरी दोन होतो. फ्लॅट दोन किंवा अधिक असतील तर शेवटून दुसरी खूण ज्या स्वरावर आहे तोच सा असतो, आणि एकच फ्लॅट असेल तर सा पांढरी चार असतो. खूणच नसेल तर पांढरी एक. ही झाली बिलावल थाटातल्या, म्हणजे सगळे शुद्ध स्वर असलेल्या, गीतांची गोष्ट. शेवटचा स्वर या हिशेबाने काढलेल्या सा वर न थांबता ध वर थांबत असेल, तर त्या ध लाच सा मानून सगळे पुन्हा मांडावे. मग ग, ध आणि नी कोमल येतात आणि गीत आसावरी थाटाच्या चौकटीत बसते. अशा गीतात मधूनच शुद्ध नी डोकावतो, तो छपाईचा दोष नव्हे.

सा सापडला की गीतातला सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा स्वर शोधून दोन्ही कागदाच्या समासात लिहावेत. तालीम न झालेल्या गळ्याला साधारण दीड सप्तकाच्या आत सुखाने गाता येते, आणि स्त्रिया व पुरुष एकाच पट्टीत एका सप्तकाच्या अंतराने गाणार असल्याने पट्टी निवडताना दोघांकडेही पाहावे लागते. मंद्र पंचमापासून तार षड्जापर्यंत जाणारे गीत पांढरी दोनमध्ये बहुतेक पथकांना झेपते. गीत सा पासून तार गंधारापर्यंत चढत असेल तर मात्र खालच्या काळी पाचपर्यंत उतरावे लागते. छापलेली पट्टी पवित्र मानण्याचे कारण नाही. सरगम लिहून घेतलेली असली की पट्टी बदलल्याने कागदावर काहीही बदलत नाही, फक्त पेटीवाल्यांची बोटे बदलतात.

तिसरी पायरी: पथकासाठी स्वतःचा कागद तयार करणे

मूळ कागदाच्या झेरॉक्स वाटून तालीम सुरू करणे ही नव्या मार्गदर्शकांची सर्वांत आवडती आणि सर्वांत महागडी पद्धत आहे, कारण पंचवीस माणसे पंचवीस तऱ्हांनी तो कागद वाचतात आणि पहिला अर्धा तास शंकानिरसनात जातो. त्याऐवजी संपूर्ण गीत एकाच लिपीत, म्हणजे आपल्या भागात भातखंडे पद्धतीत, हाताने लिहून काढावे. एका ओळीत स्वर, त्याखाली शब्द, त्याखाली टाळीच्या खुणा, आणि अक्षर इतके मोठे की दुसऱ्या रांगेतल्या काकूंना चष्मा न शोधता वाचता यावे.

पाच रेघांवरून उतरवताना कोणत्या जागी हात अडतो हे एका छोट्या ओळीवरून दाखवतो. समजा दोन शार्पचे, चार मात्रांच्या खणांचे (दोन उभ्या रेघांमधला भाग म्हणजे खण) गीत आहे आणि पहिल्या उभ्या रेघेच्या आधी एकच स्वर लिहिलेला आहे. उतरवल्यावर ती ओळ अशी दिसते: खालचा प, मग उभी रेघ, मग सा सा रे ग, पुन्हा रेघ, आणि ग − रे −. रेघेआधीचा एकटा प ही आपल्या भाषेत उचल आहे; तो समेवर नाही, समेच्या आधीच्या मात्रेवर आहे. हा प समेवर घेतला की संपूर्ण गीत एका मात्रेने सरकते आणि शब्दांचे आघात भलत्याच अक्षरांवर पडतात. उचलीने सुरू होणाऱ्या अशा गीतात शेवटच्या खणात बहुधा एक मात्रा कमी असते, तेव्हा तिथेही चुकले असे समजून जास्तीची मात्रा घालू नये. तबल्यावर केरवा किंवा धुमाळी लावायची असेल तर चार मात्रांचे दोन खण मिळून आठ मात्रांचे एक आवर्तन धरावे, म्हणजे उचल आठव्या मात्रेवर येते. पाश्चात्त्य लिपीत खाली नावाची गोष्टच नसल्याने ती कोणत्या खणावर पडणार हे तबलजींशी तालमीआधीच बोलून घ्यावे.

दोन जागा आणखी जपाव्यात. पाच रेघांच्या लिपीत ओळीच्या मध्ये स्वराआधी आलेली शार्प किंवा फ्लॅटची खूण त्या खणाच्या शेवटपर्यंत लागू असते आणि पुढच्या रेघेला संपते, तर आपल्या लिपीत प्रत्येक स्वराची खूण त्याच्या त्याच्यापाशी लिहावी लागते. उतरवताना खणातला दुसरा कोमल स्वर शुद्ध लिहिला जाणे ही अगदी ठरलेली चूक आहे. दुसरी जागा कमानीची. दोन सारख्याच स्वरांना जोडणारी कमान म्हणजे स्वर लांबवणे, आणि वेगवेगळ्या स्वरांवरून जाणारी कमान म्हणजे एका अक्षरावर ते सगळे स्वर घेणे. पहिल्या ठिकाणी आडवी रेघ लिहावी, दुसऱ्या ठिकाणी शब्दाच्या ओळीत अवग्रह (ऽ) लिहावा.

कागद जर मुळातच भातखंडे पद्धतीत असेल तर उतरवण्याचे कष्ट वाचतात, पण कणस्वर (मुख्य स्वराआधी निसटता लावलेला स्वर), मिंड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) आणि कंसातले स्वर यांचा निर्णय करावा लागतो. माझे मत स्पष्ट आहे: चाल पक्की होईपर्यंत हे सगळे अलंकार काढून टाकावेत, आणि नंतरही एखादा कण सगळ्यांनी एकदम घेता येत असेल तरच परत आणावा. वीस जणांपैकी सहा जणांनी घेतलेला कण श्रोत्यांना बेसूर वाटतो.

मिरज, सांगली आणि साताऱ्यातल्या चर्चच्या गायकवृंदांत पाच रेघांची लिपी किंवा सॉल-फा पद्धत जाणणारी एखादी व्यक्ती भेटली तर तिची मदत जरूर घ्यावी. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये सारा ग्लोव्हर यांनी मांडलेली आणि जॉन कर्वेन यांनी प्रसारात आणलेली सॉल-फा पद्धत आपल्या सरगमीच्या फार जवळची आहे, कारण तिथला डो आपल्या सा प्रमाणे कोणत्याही पट्टीत सरकतो. त्या पद्धतीत लिहिलेला कागद मिळाला तर सा शोधण्याची गरजच राहत नाही.

चौथी पायरी: पहिल्या तालमी

कागद तयार असला तरी पहिल्या तालमीत तो लगेच वाटू नये. आधी शब्द लयीत म्हणून घ्यावेत: मार्गदर्शकाने हाताने टाळी-खाली दाखवावी आणि पथकाने स्वर न लावता, बोलल्यासारखे, पण नेमक्या मात्रांवर शब्द म्हणावेत. लांबवलेल्या अक्षरांच्या मात्रा पुढच्या रांगेतल्यांनी बोटांवर मोजाव्यात. समूहगानात सुरापेक्षा मोकळ्या मात्रा जास्त गोंधळ घालतात. हौशी गायकाला शांतता सोसत नाही आणि विराम आला की तो पुढच्या शब्दावर उडी मारतो. विरामाच्या मात्रेवर मुठी मिटायला सांगितल्या तर ही उडी बरीच आटोक्यात येते, कारण हाताला काम मिळाले की तोंड थांबते.

त्यानंतर चाल. मार्गदर्शकाने एक ओळ गावी, पथकाने परत म्हणावी, भजनात जसे चालते तसेच. ओळ साधारण बसली की तीच ओळ सरगमीत म्हणायला लावावी आणि ती म्हणत असतानाच कागद हातात द्यावा. आता डोळ्यासमोर जे लिहिले आहे ते गळ्याने आधीच म्हटलेले असते, त्यामुळे ग खाली रेघ दिसली की तिचा अर्थ सांगावा लागत नाही. हा क्रम उलटा केला, म्हणजे आधी खुणांचा तक्ता फळ्यावर लिहून समजावला, तर शिक्षिका मंडळी तो उतरवून घेतात, काका मंडळी घड्याळाकडे पाहू लागतात, आणि गीत आहे तिथेच राहते.

प्रत्येकाला पेन्सिल आणायला सांगावे, पेन नको. श्वास कुठे घ्यायचा, कुठे घाई होते, कुठे वर पाहायचे हे ज्याने त्याने आपल्या हाताने लिहावे. या हौशी खुणा मार्गदर्शकाला विचित्र वाटल्या तरी पुसू नयेत.

चूक दाखवताना माणसाचे नाव घेऊ नये. "डावीकडच्या बाजूने तो कोमल ग पुन्हा एकदा म्हणू या" असे म्हटले की ज्यांना कळायचे त्यांना कळते, आणि वयाने मोठ्या असलेल्या काकूंना सगळ्यांसमोर एकटीने गायला लावण्याची वेळ येत नाही. एकेकट्याला तपासायचेच असेल तर तालीम संपल्यावर चहाच्या वेळी पेटीपाशी बसून, आणि तेही त्यांनी विचारले तर.

तंबोऱ्याबद्दल थोडे सांगायला हवे. मिरजेच्या तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि इतका चांगला तंबोरा शेजारी मिळत असताना मोबाइलच्या ॲपवर भागवणे जिवावर येते. एकाच चालीचे, एका आवाजाचे गीत असेल तर तंबोरा जरूर लावावा, त्याने पथकाचा सूर पेटीपेक्षा लवकर जागेवर येतो. पण दोन-तीन आवाजांतली पाश्चात्त्य रचना असेल तर सतत वाजणारे सा आणि प हे बदलत्या स्वरसंगतीशी झगडतात. अशा गीताच्या तालमीत तंबोरा सुरुवातीच्या आवाज लावण्यापुरता ठेवावा आणि मग बाजूला करावा.

पाचवी पायरी: दुसरा आवाज

आपल्या भजनी परंपरेत सगळे एकच चाल गातात, म्हणून शेजारचा वेगळे गातो आहे आणि तरी आपण आपल्या जागी राहायचे, ही कल्पनाच बहुतेकांना नवी असते. दुसरा आवाज गाणाऱ्यांना वेगळ्या खोलीत नेऊन शिकवण्यापेक्षा दोन्ही चाली सगळ्यांना शिकवाव्यात, आणि मग विभागणी करावी. दोन्ही चाली ठाऊक असल्या की समोरून येणारा वेगळा स्वर चूक वाटत नाही.

सुरुवातीचा सराव पोवाड्यातल्या झिलीवरून करता येतो. शाहीर गात असताना झीलकरी मागून सूर धरतात, हे आपल्याकडे सगळ्यांनी ऐकलेले असते. तसे अर्ध्या पथकाने पंचम धरून ठेवावा आणि उरलेल्यांनी सा पासून वरच्या सा पर्यंत जाऊन परत यावे. मग भूमिका बदलाव्यात. पंचम धरणारे न डळमळता टिकू लागले की धरलेला स्वर एका ठिकाणी बदलावा, म्हणजे समोरचे म वर आले की यांनी प वरून ध वर जावे. दुसऱ्या आवाजाची अर्धी तयारी तिथेच होते.

मूळ पाच रेघांचा कागद दाखवण्याची योग्य वेळ ही. सरगमीच्या कागदावर दोन आवाज एकाखाली एक लिहिले तरी ते वर चालले आहेत की खाली, जवळ येत आहेत की दूर जात आहेत, हे डोळ्याला दिसत नाही; पाच रेघांवर ते चढ-उतार सरळ दिसतात. त्यामुळे गीत बसल्यावर मूळ कागद हाती देऊन "आपण गातो ते यात बोटाने दाखवा" एवढेच सांगावे. लिपीचे नियम न शिकवताही बहुतेक जण बोट योग्य जागी नेतात. पथकाला पुढेही अशी गीते करायची असतील तर इथून पुढे प्रत्येक नव्या गीताबरोबर एक-दोन खुणा शिकवत जावे. एकाच कार्यक्रमापुरते गीत असेल तर याहून पुढे जाण्याची गरज नाही, आणि कुणी आग्रह धरला तरी जाऊ नये. पुरुषांच्या आवाजाच्या ओळीच्या सुरुवातीच्या चिन्हाखाली बारीक आठचा आकडा असेल तर ती ओळ लिहिली आहे त्याहून एक सप्तक खाली गायची असते, एवढे मात्र सांगून ठेवावे.

गैरहजेरी, ध्वनिमुद्रण आणि परवानगी

तासगाव भागात द्राक्षांचा हंगाम सुरू झाला, सांगलीत हळदीचे सौदे जोरात आले किंवा गावोगावच्या यात्रा लागल्या की हजेरी निम्म्यावर येते, आणि याबद्दल कुणावर रागावण्यात अर्थ नसतो. प्रत्येक आवाजाची चाल आधी सरगमीत आणि मग शब्दांत, संथ लयीत मोबाइलवर मुद्रित करून व्हॉट्सॲपच्या गटावर ठेवावी. संपूर्ण पथकाचे मुद्रण मात्र शेवटच्या आठवड्यापर्यंत टाकू नये, कारण लोक त्यातली चूकही तितक्याच निष्ठेने पाठ करतात.

कागद उतरवणे आणि कार्यक्रमात गाणे यांचा कायद्याशीही संबंध येतो. भारतात गीतकाराचा आणि संगीतकाराचा हक्क त्यांच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, आणि शब्द जुने असले तरी दोन-तीन आवाजांची रचना अलीकडे कुणी केलेली असू शकते. तिकीट लावलेला कार्यक्रम असेल तर आयोजकांकडून हे लेखी स्पष्ट करून घ्यावे.

कार्यक्रमाच्या दिवशी कागद हातात असावेत की नसावेत यावर पथकात वाद होतो. पहिले कडवे आणि ध्रुवपद पाठ असावे, बाकीच्यासाठी कागद छातीच्या उंचीवर धरावा, म्हणजे मार्गदर्शकाचा हात कागदाच्या कडेवरून दिसत राहतो. कार्यक्रम झाल्यावर पेन्सिलीच्या खुणांसकट एक प्रत आणि मूळ कागद एकाच फाइलीत ठेवावा. प्रतीच्या कोपऱ्यात पट्टी, लय आणि उचलीची मात्रा लिहून ठेवावी, कारण पेटीवाले बदलले की त्यांचा पहिला प्रश्न पट्टीचाच असतो.